मशीन बडबडतंय म्हणजे काय, आणि हात कसा फिरवायचा

प्रश्न तासगाव तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदाराचा. ऑक्टोबर छाटणीनंतर काड्यांना पेस्ट लावताना त्यांच्या आईची सोन्याची अंगठी बागेत पडली. जुनी, बिनखड्याची, पाचेक ग्रॅमची. त्यांनी मेटल डिटेक्टर विकत आणला, सगळी बटणं शेवटपर्यंत नेली, आणि आता मशीन पावलापावलाला ओरडतंय. चार दिवसांत खिळे, तारेचे तुकडे आणि औषधाच्या बाटल्यांची झाकणं एवढंच निघालं. ‘सेटिंग काय ठेवू आणि मशीन फिरवू कसं?’

माझा धंदा मोटार वायंडिंगचा, पलूसला. शोधाशोधीचे पैसे मी घेत नाही. कुणाचं रानात काही हरवलं की फोन येतो आणि मी मशीन घेऊन जातो, एवढंच. बारा-तेरा वर्षांत ऊस, हळद, द्राक्षं, नदीकाठची मळी असं सगळं रान पायाखालून गेलंय. त्यावरून सांगतो.

आधी सेन्सिटिव्हिटी खाली आणा. सप्त्याला नवखा माइकवाला आला की आवाज चढवत नेतो, मग भोंगा शिट्टी मारतो आणि बुवा काय म्हणतात ते कुणालाच कळत नाही. तुमच्या मशीनचं तेच झालंय. आपली जमीन बेसाल्टची, म्हणजे काळ्या पाषाणाची, आणि त्या दगडात चुंबकाला चिकटणारं लोहखनिज असतं. खरं वाटत नसेल तर एक चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ओढ्यातल्या काळ्या वाळूतून फिरवा, पिशवीला दाढी उगवते. मशीन जमिनीत जे चुंबकीय क्षेत्र सोडतं त्याला आधी ही माती ओ देते आणि मग अंगठी. ताकद वाढवली की मातीचा आवाजही तेवढाच वाढतो. सेन्सिटिव्हिटी हळूहळू चढवा, मशीन विनाकारण टिकटिकायला लागलं की तिथून दोन-तीन घरं मागं या. माझं स्वतःचं मशीन काळ्या रानात निम्म्याच्या थोडं वर असतं, त्यापुढं मी कधीच जात नाही.

हे मशीन काय करतं ते वायंडिंगवाल्याला समजावून घ्यायला फार वेळ लागत नाही. आर्मेचरमध्ये, म्हणजे मोटारीच्या फिरणाऱ्या गाभ्यात, तारेचा एखादा वेढा (टर्न) शॉर्ट आहे का ते पाहायला आम्ही ते ग्राउलरवर, म्हणजे बदलतं चुंबकीय क्षेत्र सोडणाऱ्या तपासणीच्या यंत्रावर, ठेवतो आणि वर हॅक्सॉचं पातं धरतो. शॉर्ट असलेल्या खाचेवर पातं गुणगुणत थरथरतं. बदलतं चुंबकीय क्षेत्र बंद वेटोळ्यात करंट उभा करतं आणि तो करंट स्वतःचं क्षेत्र तयार करतो. डिटेक्टरची चकती म्हणजे जमिनीवरून फिरवायचा ग्राउलरच, आणि तुमच्या आईची अंगठी म्हणजे एक शॉर्ट झालेला टर्न. अखंड वळं म्हणूनच छान वाजतं. तेच वळं एका ठिकाणी तुटलेलं असेल तर आवाज निम्म्याहून खाली येतो. बारीक साखळी त्याहून अवघड, कारण कडी कडी सुटी असते आणि मशीनला ती एक वस्तू म्हणून दिसतच नाही. साखळी बहुतेक वेळा तिच्या फाशामुळं सापडते.

खोलीचंही इथंच सांगतो. छोट्या वस्तूचा आवाज अंतराच्या सहाव्या घातानं पडतो, म्हणजे अंतर दुप्पट झालं की सिग्नल चौसष्टावा भाग उरतो. म्हणून बॅटरी मोठी घातली किंवा बटण पुढं सारलं तरी खोली दोन बोटांपलीकडं वाढत नाही. आपल्या मातीत अकरा इंची चकतीनं अंगठी पाच-सहा इंचांवर सापडली तर मशीनची पाठ थोपटावी. वीस फूट खालचं सोनं दाखवणाऱ्या काठ्या आणि अँटेना विकणारे फिरत असतात, त्यांना बांधावरूनच परत पाठवा.

आता ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीच्या आवाजाकडं दुर्लक्ष करायला मशीनला शिकवणं. ही गोष्ट नव्वद टक्के लोक करतच नाहीत, किंवा घराच्या अंगणात करून मग बागेत जातात. बागेत, दोन ओळींच्या मधोमध, धातू नसलेली हातभर जागा शोधा. चकती जमिनीपासून वीतभर उंच धरा, दोन बोटं राहीपर्यंत खाली आणा, परत वर न्या. ऑटोमॅटिक असेल तर बटण दाबून असंच पाच-सात वेळा करा. हातानं करायचं असेल तर बटण एकेक घर फिरवत राहा. चकती खाली नेताना आणि वर घेताना आवाज सारखाच राहिला की जमीन बसली. बागेच्या वरच्या अंगाला मुरूम आणि खालच्या अंगाला काळी असेल, किंवा मध्ये कधी गाळ भरला असेल, तर माती बदलली की परत बसवा. मी एका बागेत तीन-तीनदा बसवतो.

मशीनमध्ये ‘ट्रॅकिंग’ असेल तर शोधताना बंद ठेवा. ते जमिनीप्रमाणं स्वतःला सतत जुळवत असतं. ऐकायला बरं वाटतं, पण एखादा बारीक सिग्नल मिळाला आणि तुम्ही त्याच जागेवर दहा वेळा चकती फिरवलीत, तर ते त्या सिग्नललाच जमीन समजतं आणि गिळून टाकतं. मग आपण म्हणतो, आवाज आला होता, आता गेला.

एक गोष्ट फक्त आपल्याकडची. कृष्णाकाठचं पुष्कळ रान क्षारपड झालंय. मिरज, वाळवा, पलूस कुठंही पांढरा थर दिसतो. ओल्या क्षारातून वीज वाहते, त्यामुळं ती मातीच मशीनला पातळ सोन्यासारखी दिसते. साधं एका फ्रिक्वेन्सीचं मशीन लोहखनिज आणि क्षार दोन्ही एकाच वेळी पुसू शकत नाही, एक बसवलं की दुसरं उठतं. मल्टिफ्रिक्वेन्सी मशीन असेल तर त्यातला बीच मोड लावून बघा. नसेल तर ड्रिप दोन-चार दिवस बंद ठेवा आणि रान वाफशावर येऊ द्या. बागेला तेवढा ताण चालेल का ते तुम्ही ठरवा, त्यात मी पडत नाही.

दुसरं, लाइट. शेतीची थ्री फेज चालू असताना विहिरीजवळ, डीपीजवळ किंवा अकरा हजारच्या लाइनीखाली मशीन चक्रम होतं. वेळापत्रक बघून लाइट नसलेल्या वेळी शोधा. सोलर पंप असेल तर त्याचा कंट्रोलर ऊन असेपर्यंत कचरा सोडत असतो, सकाळी लवकर जा. शेजाऱ्यानं डुकरांसाठी झटका मशीन लावलं असेल तर साधारण सेकंदाला एक ‘टिक्’ ऐकू येईल. ते तुमच्या मशीनचं दुखणं नव्हे, शेजाऱ्याला तासभर बंद ठेवायला सांगा. मोबाइल खिशात नको, गाडीत ठेवा. चकतीची वायर दांडीला घट्ट गुंडाळली आहे ना तेही पाहा. सैल वायर हलली की मशीनला काहीतरी सापडल्यासारखं वाटतं. यावर मी स्वतः एक अख्खी दुपार घालवली आहे, आणि मी वायरवाला माणूस!

आता खरी गोम, डिस्क्रिमिनेशन, म्हणजे कुठल्या धातूला वाजायचं आणि कुठल्याला गप्प बसायचं ते ठरवणारं सेटिंग. तुम्ही लिहिलंय की खिळ्यांचा कंटाळा येऊन ‘कचरा’ सगळा बंद करून टाकला. तिथंच अंगठी बंद केलीत. लोखंड तळाला, चांदी-तांबं वर आणि सोन्याची अंगठी मध्ये, ॲल्युमिनियमच्या पंगतीला. औषधाच्या बाटलीचं झाकण उघडल्यावर आत चिकटलेली चंदेरी पन्नी, गोळ्यांच्या स्ट्रिपचा तुकडा आणि अंगठी हे तिघं मशीनच्या पडद्यावर शेजारीशेजारी बसतात. पन्नी नको म्हणाल तर सोनंही नको म्हणावं लागेल. द्राक्षबागेत फवारण्या किती होतात ते तुम्हाला सांगायला नको, त्यामुळं पन्न्या निघणारच. काढा आणि खिशात टाका. दुसऱ्या फेरीला तेवढ्याच कमी होतात.

लोखंडही पूर्ण मुकं करू नका, त्याचा आवाज फक्त बारीक करा. मोठा खिळा शेजारी असला की अंगठीचा आवाज त्याच्याखाली दबतो. लोखंड मुकं केलंत तर त्या जागी नुसती शांतता ऐकू येते आणि तुम्ही पुढं निघून जाता. घरघर ऐकू येत असेल तर निदान कळतं की इथं चकती सावकाश, दुसऱ्या बाजूनंही फिरवून बघायला हवी. ‘रिकव्हरी स्पीड’ नावाचं बटण असेल तर खिळ्यांच्या जागी ते वाढवा, म्हणजे खिळ्यानंतर मशीन लवकर भानावर येतं. मोकळ्या रानात परत कमी करा.

पडद्यावरच्या नंबरावर विसंबू नका, प्रत्येक कंपनीचा नंबर वेगळा असतो. घरातली तशीच, तेवढ्याच वजनाची अंगठी घ्या, बागेतल्याच मातीत चार बोटं खाली पुरा आणि ऐका. हाच तुमचा नंबर, हाच तुमचा आवाज. मात्र अंगठीला लाल दोरा बांधून त्याचं टोक वर ठेवा. मी पहिल्यांदा हा प्रयोग केला तेव्हा बायकोची अंगठी बिनदोऱ्याची पुरली होती. मशीन हातात, जागा माहीत, आणि तरीही अर्धा तास लागला. तिनं त्या अर्ध्या तासात काय काय म्हटलं ते इथं लिहीत नाही.

सेटिंग इथं संपलं, आणि खरं सांगायचं तर ते निम्मंसुद्धा काम नाही. मी पाहिलेल्या दहांतल्या सात जणांची अडचण त्यांच्या हातात होती.

चार वर्षांपूर्वी वाळवा तालुक्यात एका हळदीच्या रानात काकूंच्या मंगळसूत्राची एक वाटी पडली होती. हळद काढून झालेली, जमीन कुदळीनं उकरलेली. त्यांचा मुलगा माझं मशीन घेऊन बॅटिंग केल्यासारखा फिरवत होता. मध्ये चकती जमिनीला टेकायची आणि दोन्ही टोकांना हातभर वर जायची. बांधावर बसलेल्या काकू बराच वेळ बघत होत्या. शेवटी उठल्या. ‘आरं, सारवताना हात असा उचलत्यात व्हय? दे हिकडं.’ आणि त्यांनी चकती अशी फिरवली की मी बघतच राहिलो. तळहात सपाट, कंस अर्धा मागच्या कंसावर, टोकाला हात न उचलता तिथंच वळवलेला. आयुष्यभर शेणानं जमीन सारवलेली बाई, तिला मी काय शिकवणार! वाटी तिसऱ्या ओळीत, चार बोटांवर निघाली.

तेव्हापासून मी नवीन माणसाला एवढंच सांगतो: सारवतोय असं समज. चकती जमिनीपासून दोन बोटं वर आणि जमिनीला समांतर. टोकाला वर गेली की तेवढी खोली गेली. दोन इंच वर उचललेली चकती म्हणजे दोन इंच खाली गेलेली अंगठी. दांडीची लांबी अशी ठेवा की ताठ उभं राहून, कोपर सैल असताना चकती पायापुढं हातभर येईल. वाकावं लागत असेल तर दांडी आखूड आहे. फिरवताना मनगट झटकू नका, खांदा आणि कंबर वळवा, नाहीतर तासाभरात हात भरून येतो आणि मग आपोआप टोकं उचलली जातात.

वेग किती? वारीत संथ चालीत ‘ज्ञानबा-तुकाराम’ म्हणायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात डावीकडून उजवीकडं एक फेरा. खिळ्यांच्या जागी त्याच्या निम्मा वेग. पण पार थांबूही नका, कारण ही मशीनं चकती हलत असेल तरच वाजतात. स्थिर धरली की चकतीखाली अख्खा पाटल्यांचा जोड असला तरी गप्प.

पुढं सरकताना निम्मी चकती मागच्या फेऱ्यावर यायला हवी. अकरा इंची चकती असेल तर पाऊल पाच इंचांचं. लोकांना वाटतं चकती जेवढी रुंद तेवढी जमीन तपासली. ते फक्त वरच्या वरच खरं आहे. साध्या गोल कॉइलचं क्षेत्र नरसाळ्यासारखं असतं, वर रुंद आणि खाली टोकदार. अंगठी खोल असेल तर ती फक्त टोकाखालीच सापडते. डीडी कॉइल, म्हणजे इंग्रजी D च्या आकाराची दोन वेटोळी असलेली चकती, मधल्या उभ्या पट्टीनं बघते, त्यामुळं तिची चूक कमी, पण निम्मा फेरा तिथंही सोडू नका.

तुमच्या बागेत आणखी एक पंचाईत आहे, बोद, म्हणजे वेलींच्या ओळीखालचा मातीचा उंच वरंबा. बोदावर आडवी चकती फिरवली की वर ती घासते आणि दोन्ही उतारांवर अधांतरी राहते. त्यामुळं बोद लांबीच्या दिशेनं करा, उतारावर चकती उतारालाच तिरपी धरून. एका बोदाचे तीन पट्टे पडतील, डावा उतार, माथा, उजवा उतार. मधली ट्रॅक्टरची वाट मात्र आडव्या कंसांनी.

आणि मांडवाचे लोखंडी अँगल (खांब), तारा. चकती खाली बघते तशी वरही बघते हे लोक विसरतात. ड्रिपची नळी ज्या तारेला टांगली आहे ती हात-दीड हातावर असेल तर तिच्याखाली मशीन ओरडणारच. 1881 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली तेव्हा टेलिफोनवाल्या ग्रॅहॅम बेलनं ती शोधायला असलंच यंत्र बनवलं होतं. गोळी काही सापडली नाही. गादीतल्या पोलादी स्प्रिंगांनी घोळ घातला, शिवाय डॉक्टरांनी त्याला उजवीच बाजू तपासू दिली. तुमची बाग ही त्या गादीसारखी आहे. शक्य असेल तिथं खालची तार सोडून बाजूला घ्या. पाच-सहा इंची छोटी चकती कुणाकडं मिळाली तर अँगलच्या आसपास तीच लावा. खोली थोडी जाते, पण अँगलच्या वीतभर जवळ जाता येतं. अँगलला वळसा घालत फिरू नका. त्याच्या बाजूनं, ओळीला समांतर सरळ फेरा मारा. मग अँगलचा आवाज एकसारखा येतो आणि त्यातली वेगळी टोचणी कानाला कळते. हेडफोन लावा, पक्षी हाकलणाऱ्यांच्या आरोळ्यांत बारीक आवाज ऐकू येत नाहीत.

सिग्नल मिळाला की लगेच खुरपं घालू नका. त्या जागेभोवती पाव वळसा चाला आणि पहिल्या फेऱ्याला काटकोनात चकती फिरवा. अंगठी सगळीकडून एकच, गोल आवाज देते. आडवा पडलेला खिळा एका बाजूनं गोड बोलतो आणि दुसऱ्या बाजूनं फुटतो, कधी दोन तुटक आवाज देतो, कधी नुसता घुरघुरतो. पत्र्याचं बुच मात्र मलाही अजून फसवतं. एक-दोन रुपयांची हल्लीची नाणी चुंबकाला चिकटणाऱ्या स्टीलची असतात, तीही अशीच उलटसुलट बोलतात. दोन्ही फेरे जिथं एकमेकांना छेदतात तिथं काडी रोवा, वस्तू त्या काडीखाली. वीतभर मातीचा गड्डा उचला आणि प्लॅस्टिकच्या घमेल्यात टाका. लोखंडी घमेलं घेतलंत तर पुढं काय होईल ते सांगायला नको. आधी खड्ड्यावर चकती फिरवा, मग घमेल्यावर, म्हणजे वस्तू कुठं आहे ते कळतं. पांढरी मुळी फार तोडू नका आणि खड्डा बुजवा.

मशीन घरात आलं की गावातली माणसं यायला लागतात, ‘वाड्यात काहीतरी आहे म्हणतात’ म्हणून. मी सरळ नाही म्हणतो. जमिनीत दडलेला दहा रुपयांहून जास्त किमतीचा ऐवज सापडला तर 1878 च्या कायद्यानं जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत परवानगीशिवाय खोदणं हा गुन्हा आहे. गडावर, जुन्या देवळाच्या आवारात मशीन नेऊच नका. आणि कुणी लिंबू, नारळ किंवा मांत्रिक घेऊन आलं तर 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. दाभोलकरांच्या साताऱ्याशेजारी राहून आपण त्यात पडावं का?

आता तुमच्या बागेत सुरुवात कुठून करायची ते. तुम्ही चार दिवस अख्खी एकरभर बाग पालथी घातलीत, ती घालायची नव्हती. आधी आईंना विचारा. पेस्ट लावताना हातात रबरी हातमोजे असतात. घामानं बोटं ओली होतात आणि मोजा ओढून काढताना अंगठी त्याच्याबरोबर निघते. वेलीखाली पडण्यापेक्षा मोजे काढले तिथं पडण्याची शक्यता मला जास्त वाटते. त्या दिवशी मोजे कुठं काढले, जेवायला कुठं बसल्या, हात कुठल्या टाकीवर धुतले? आधी जुने मोजे शोधा आणि प्रत्येकाची बोटं चाचपून बघा. दोनदा मी मशीन चालू न करता अंगठी काढून दिली आहे, एकदा मोज्यात आणि एकदा पेस्टच्या बादलीच्या तळाशी.

तिथं नाही मिळाली तर आईंनी त्या दिवशी ज्या ओळी केल्या तेवढ्याच घ्या. खुंट्या रोवून सुतळी ताणा, एका ओळीचं काम संपल्याशिवाय दुसरीत शिरू नका आणि झालेल्या ओळीच्या पहिल्या अँगलला चिंधी बांधा. त्यानंतर रोटर फिरवला असेल तर तेही आठवून बघा. अंगठी मग पाच-सहा इंच खाली आणि दहा-पंधरा फूट पुढंही गेलेली असू शकते. काळी भेगाळलेली असेल तर मशीनच्या आधी बॅटरी घेऊन भेगांत बघा, उजेडात सोनं चमकतं.

आणि छाटलेल्या काड्या ओढून बांधावर ढीग घातला असेल, तर तो अजून पेटवू नका. काड्यांबरोबर वरची मातीही ओढली जाते. ढीग पसरून त्यावर एकदा चकती फिरवून बघा, तिथं ना तारा आहेत ना अँगल.